मागचा आवाज

"खुरडतीया रंऽऽ!"

बयाबाईची हाळी सव्वाशे मेंढ्यांच्या पाठीवरून पुढं गेली आणि धनाजीनं मागं न बघता काठी आडवी धरली. मेंढ्यांचं खांड थांबलं. बयाबाईनं वाकून एका मेंढीचा पुढचा पाय धरला, खुराच्या बेचक्यात अडकलेला खडा बोटानं उकरून काढला आणि पाय सोडला.

"चलू द्याऽ!"

काठी खाली आली. मेंढ्या पुन्हा धूळ उडवत चालू लागल्या. तासगाव मागं पडलं होतं. ब्याण्णव सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि कवठे महांकाळच्या पलीकडच्या वस्तीवरून निघालेलं हे बिऱ्हाड दरसालासारखं कृष्णाकाठाकडं चाललं होतं. पुढं धनाजी, मधे घोड्यावर भांडीकुंडी आणि तान्हं पोर बांधून लगाम धरलेली त्याची बायको माया, आणि सगळ्यांच्या मागं धनाजीची आई.

पुढं चालणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. त्यानं तोंड फिरवलं की मेंढ्यांना वाटतं परत जायचंय, आणि मग साऱ्या खांडाचा असा गोंधळ होतो की आवरता आवरत नाही. म्हणून मागं काय चाललंय ते पुढच्याला कळायचं ते मागच्याच्या आवाजानं. लचकतीया म्हणजे पाय जरासा मुरगळलाय, चालता चालता सुटेल, थांबायचं कारण नाही. लंगडतीया म्हणजे दुखतंय, दमानं घ्या. खुरडतीया म्हणजे खुरात काहीतरी आहे, थांबा, काढू द्या. पाय टेकंना म्हणजे पुढच्यानं काठी मायाच्या हाती देऊन स्वतः मागं यायचं. आणि बसली म्हणजे झालं, आजची चाल तिथंच संपली.

बयाबाई स्वतःही लंगडत होती. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडून तिचा उजवा पाय आखूड झाला होता. लोक तिला लंगडी म्हणाले, पांगळी म्हणाले, फेंगडी म्हणाले. एकदा जनगणनेला आलेल्या मास्तरांनी मोठ्या अदबीनं अपंग असं लिहून घेतलं. लोकांजवळ शब्द पुष्कळ होते, पण सगळ्यांचा अर्थ एकच. एवढ्या शब्दांत तिला नेमकं कुठं दुखतं हे एकालाही सांगता आलं नसतं. मेंढ्यांच्या बाबतीत मात्र तिनं असला गलथानपणा कधी केला नाही.

तिला बघायला आले तेव्हा सासू तोंडावर म्हणाली होती, "पोरगी लंगडती की गं बाई." धुळानं, तिच्या नवऱ्यानं, जमिनीकडं बघत सांगितलं, "लंगडू दे. मागं हाकाय कुणीतरी लागतंयच." हे प्रेमाचं बोलणं होतं की सोयीचं, हे बयाबाईनं त्याला कधी विचारलं नाही. त्यानंतर अडतीस वर्षं तो पुढं चालला आणि ती मागं. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही तिच्या हाळीवर शंका घेऊन वळून बघितलं नाही. तो गेल्यावर काठी धनाजीकडं आली. मागची जागा तिचीच राहिली.

यंदा मात्र तिचा चांगला पाय बिघडला होता. दसऱ्यापासून डावा गुडघा सुजत होता. आखूड पायाचं तिला काही वाटत नसे, त्याची सवय झाली होती. पण सगळा जन्म ज्याच्या भरवशावर काढला तोच पाय आता साथ देईना. निघायच्या आदल्या दिवशी धनाजीनं विषय काढलाच.

"आये, यंदा तू घरी ऱ्हा. शेजारची राहीबाई हाय की सोबतीला."

"का? माझं काय बिघडलंय?"

"गुडघा बघ की तुझा."

"म्या कवा मागं पडले का?"

"न्हाई. पर पडलीस तर?"

"पडले तर फुडल्या सालापसनं येत न्हाई. झालं?"

धनाजी उठून सामान बांधायला लागला. बयाबाई मात्र त्या दिवसापासून मनातून धास्तावली होती. वस्तीवर राहणं म्हणजे दारात बसून सहा महिने रस्त्याकडं बघणं. त्या बसण्याला ती मरणापेक्षा जास्त भ्यायली होती, हे खरंच आहे.

तासगाव मागं पडलं त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आकाराम पाटलाच्या रानात पोचायचं होतं. ऊस तुटलेल्या रानात चार रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीचं खत त्याला आणि जोंधळ्याची दोन पोती यांना, असं ठरलेलं. उशीर झाला तर पाटील दुसरं खांड आत घेणार होता. म्हणून धनाजी जरा झपाट्यानं चालत होता. बयाबाईचा गुडघा दुपारपासून पेटला होता. ओठ दाबून, काठीवर सगळा भार टाकून ती कशीबशी अंतर राखत होती.

बाभळींच्या कडेनं जाताना एक काळतोंडी मेंढी एकदम थबकली. गाभण होती. तिनं मागचा पाय वर उचलला, टेकवून बघितला, पुन्हा उचलला आणि तीन पायांवर उड्या मारत पुढं निघाली.

बयाबाईच्या तोंडात शब्द आलासुद्धा. पाय टेकंना. पण ही हाळी दिली की धनाजी मागं येणार, आणि मागं आला की त्याला आधी आईचा गुडघा दिसणार. तो सुजून भोपळ्याएवढा झालेला. तिनं एकदा मेंढीकडं बघितलं, एकदा पुढं चाललेल्या पोराच्या पाठीकडं.

"लचकतीया रंऽऽ!" ती ओरडली.

काठी आडवी झाली नाही. धनाजी त्याच झपाट्यानं चालत राहिला. आपल्या शब्दावर पोरगा किती निवांत चाललाय हे बघून बयाबाईला स्वतःची शरम वाटली. अजून वेळ होता, खरं ते ओरडून सांगता आलं असतं. पण तिनं सांगितलं नाही. दोन कोस ती त्या मेंढीच्या मागं चालली, तिचा लोंबता पाय बघत.

पाटलाचं रान दिसायला लागलं आणि बांधाजवळ काळतोंडी बसली. बयाबाईनं हाळी दिली. पुढच्या मेंढ्या रानात शिरल्या होत्या, त्या मायाच्या हवाली करून धनाजी मागं आला. त्यानं पाय हातात घेतला. बाभळीचा काटा खुराच्या मधे शिरून आतच मोडला होता आणि पाय वरपर्यंत सुजला होता. चिमट्यानं अर्धाच काटा निघाला. गरम तेलात हळद घालून त्यानं चिंधी बांधली, पण मेंढी काही उठेना.

"कवापसनं हाय गं आये ह्ये?"

"बाभळीपसनं."

"तू तर लचकतीया म्हणालीस."

बयाबाई चूल मांडायला वळली. चुलीजवळ भाकरी थापताना तिनं मायाशी चाललेलं त्याचं हळू बोलणं ऐकलं. "आयेला दिसंना झालंय वाटतं. सालभरात नजर गेली बघ तिची."

पोरगा तिला वाचवत होता. ती गप्प राहिली असती तर सगळं नजरेवर गेलं असतं, म्हातारपणावर गेलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. बयाबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"नजर चांगली हाय माझी," ती म्हणाली. "म्या बघितलं हुतं. खोटं सांगितलं."

"खोटं? का गं?"

तिनं लुगडं गुडघ्याच्या वर सारलं. धनाजी बघत राहिला. मायानं तोंडावर हात ठेवला. मग धनाजी उठला आणि घोड्याला पाणी दाखवायला निघून गेला. चार दिवस त्यानं त्या गोष्टीचं नावही काढलं नाही. एकदा तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं, असं बयाबाईला वाटत राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी मेंढ्यांभोवतीच्या जाळ्या गुंडाळून बिऱ्हाड निघालं. काळतोंडीचा पाय अजून टेकत नव्हता, तिला घोड्यावर आडवी बांधली. "बाजार लागला की हिला इकावी लागंल," एवढंच धनाजी म्हणाला. आईला त्यानं पुढं बोलावलं नाही, मागं जा असंही सांगितलं नाही. काठी घेऊन तो चालू लागला. बयाबाई आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि खांडामागून निघाली.

कालव्याच्या पुलापर्यंत ती कशीबशी आली. तिथं मेंढ्यांची शेवटची ओळ तिच्यापासून लांब गेली, आणखी लांब गेली. तिनं दोनदा जोर लावून बघितला. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून तिनं हाळी दिली.

"बसली रंऽऽ!"

काठी आडवी झाली. खांड थांबलं.

"कंची गं?" धनाजीनं पुढं बघतच विचारलं.

"मीऽऽ!"

धनाजी वळला. मेंढ्या गोंधळल्या, एकमेकींवर चढल्या, काही उलट्या फिरल्या. त्याला त्याची पर्वा नव्हती. काठी मायाच्या हाती देऊन, खांडातून वाट काढत तो मागं आला. आईच्या समोर येऊन उभा राहिला. तिच्याकडं बघायचं की गुडघ्याकडं, हे त्याला कळेना.

"आये, आज हितंच ऱ्हाऊया," तो म्हणाला.

"काय गरज न्हाई. माणसासाटनं खांड थांबवत न्हाईत. मला घोड्यावर बसीव."

त्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं. ती किती हलकी झालीय हे त्याला तेव्हाच कळलं. घोड्यावरची भांडी उतरवून त्यानं बोचकं स्वतःच्या पाठीला बांधलं. बयाबाईनं काळतोंडीला मांडीवर ओढून घेतलं.

माया पोराला पाठीशी बांधून खांडाच्या मागं जाऊन उभी राहिली. "आत्या, मला जमंल का वं?" तिनं तिथूनच विचारलं. रडवेली झाली होती.

"मेंढीकडं बघून बोल. माझ्याकडं न्हाई," बयाबाई म्हणाली.

खांड निघालं. अर्धा कोस गेल्यावर मागून बारीक, थरथरता आवाज आला.

"लंगडतीया वंऽऽ!"

आता खांडाच्या पुढं घोड्याचा लगाम धरून चाललेला धनाजी घुटमळला. त्यानं शेजारी घोड्यावर बसलेल्या आईकडं बघितलं. ती सांगेल, बरोबर आहे की नाही. बयाबाईनं नुसती मान वळवली असती तरी तिला मागचं सगळं दिसलं असतं.

तिनं मान वळवली नाही. काळतोंडीच्या बांधलेल्या पायावर हात ठेवून ती समोर बघत राहिली.

"ऐकलंस न्हवं?" ती म्हणाली. "दमानं घे."