शिडीला गार्ड केलं तेव्हा

दादाशी माझं बोलणं होतं ते फक्त बास्केटबॉलवर, तेही मोबाइलमधल्या. आम्ही दोघंही ऑनलाइन मॅनेजर: खेळाडू खोटे, संघ खोटे, भांडणं मात्र खरी. तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो, मी इथे दातांच्या कवळ्या बनवते. हा खेळ नव्हता तेव्हा त्याचा फोन जेमतेम अर्ध्या मिनिटात संपायचा.

या मोसमात ड्राफ्टआधी, म्हणजे नवे खेळाडू वाटले जाण्याआधी, पारख करायचे सगळे पैसे मी एकाच पोरावर उधळले. वय अठरा, उंची सात फूट. मी त्याला शिडी म्हणायला लागले. दादा खो खो हसला.

"उंचीवर भाळलीस. विशीचा तयार गडी घ्यावा, लगेच कामाला येतो."

"तू घे तयार कपडे. मी शिवून घेते."

कोवळा पोरगा भराभर शिकतो हे त्यालाही माहीत होतं, पण कबूल करेल तर तो दादा कसला.

यात मेख अशी, की खेळाडू ज्या जागेवर खेळतो त्याच जागेचं शिकतो. उंच पोराला बास्केटखाली ठेवलं तर सामने जिंकता येतात, पण चेंडू हाताळणं त्याला जन्मात येत नाही. त्यासाठी त्याला गार्डच्या, म्हणजे बुटक्यांच्या जागी खेळवायचं आणि हार गिळायची. मी मोसमभर दोन्ही करायला गेले आणि तोंडावर आपटले. शेवटच्या सामन्याला तळाशी उरलो आम्ही दोघंच, मी आणि दादा. हरेल तो खालच्या लीगमध्ये.

मी पडले तर फोन करकरून त्याचं डोकं खाईन. तो पडला तर खेळ सोडेल, आणि खेळाबरोबर फोनही सुटेल. सरळ सांगते, मला भीती वाटली.

दुपारी हाताला लागलेलं कवळ्यांचं प्लास्टर पुसलं, शिडीला गार्ड केलं आणि सगळ्यात बुटक्याला बास्केटखाली उभं केलं. आता हरणं पक्कं होतं.

संध्याकाळी निकाल पाहिला. एकतीस-एकोणतीस, आणि जिंकले मी. दादाचा संघ उघडून बघते तर त्याचा हुकमी गडी बाकावर, बाकीचे नको त्या जागी. शहाण्याने माझ्यासारखाच उद्योग करून ठेवला होता.

लगेच त्याचा फोन.

"मुद्दाम हरत होतीस?"

"आणि तू काय करत होतास?"

"तू पडली असतीस तर रुसून फोन उचलला नसतास."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"आता खेळ सोडणार नाहीस ना?" मी विचारलं.

"ते बघू. आई म्हणाली तुझी पाठ धरते, बसवत नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

मी उशी घेऊन भिंतीला टेकले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.