कोरीट ते प्रकाशा, नव्या साउंडवर

भूपेश जन्मात लहानसहान खोटं पुष्कळ बोलला असेल. ड्रायव्हर माणूस तो. फोनवर "पोचलोच" म्हणायचा तेव्हा घरी ओट्यावर बसून चहा फुंकत असायचा. ते काही कोणी खोट्यात धरत नाही. पण श्रावणातल्या एका सोमवारी दवाखान्याच्या पायरीवर तो एक खोटं बोलला, आणि ते त्याच्या अंगात काटा मोडून बसावा तसं बसलं.

आत त्याची मोठी माय, गजराबाई, तोंडावर चादर ओढून पडलेली. बाहेर तिचा सख्खा मुलगा हेमकांत, भूपेशचा चुलतभाऊ. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्यानं विचारलं, "भूप्या, तुले खरंच काही ऐकू नही उनं का रे?"

"नही रे दादा," भूपेश म्हणाला. "काहीच नही."

हेमकांतनं मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात भूपेशला नांगरासारखा जड लागला.

झालं होतं काय, ते गाडीपासून सांगावं लागतं.

गाडी म्हणजे पिकअप. कोरीटहून मिरची, कापूस, पपई भरायची आणि नंदुरबारच्या मार्केटात खाली करायची. येताना रिकामी गाडी कोण आणतो? मागं माणसं बसायची. मजूर, बाया, लग्नाचं वऱ्हाड, कधी त्यांच्यातच दोन बकऱ्या. मालाच्या गाडीत माणसं बसवू नये असा कायदा आहे म्हणतात. असेल. पण कायद्यानं बसायचं म्हटलं असतं तर अर्धं गाव अजून फाट्यावरच उभं असतं.

मागच्या माणसाला ड्रायव्हरशी बोलायचा एकच मार्ग, केबिनच्या टपावर हातानं ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की चल. बारा वर्षं भूपेशनं याच ठोक्यावर गाडी चालवली. घरी झोपेत असताना रूपालीनं पातेलं आपटलं तरी त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायला जायचा. त्याची बायकोच ती, गल्लीभर सांगून हसायची.

गाडी चांगली, पण गाणं लावायची सोय भिकार. दारात दोन जुने स्पीकर. एक नुसता खरखरायचा, दुसरा मर्जी असली तर गायचा. बाजूच्या गावातल्या एका पिकअपवाल्यानं मोठा साउंड बसवला. त्याची गाडी चौफुलीवर आली की माणसं चहा ठेवून बघायला उठायची. भूपेशच्या गाडीकडे कुत्रं बघेना. ते त्याला लागलं.

मग नंदुरबारला बन्सीलाल फिटरकडे गाडी लावली. साठीचा माणूस, डाव्या कानानं ऐकू येत नसे. त्याचा कान त्याच्याच धंद्यानं खाल्ला होता. दोन दिवस त्यानं काम केलं. दारांच्या आतले पुठ्ठे काढून चार नवे स्पीकर बसवले, सीटखाली अँप्लिफायर ठेवला, बॅटरीपासून बोटाएवढी जाड वायर ओढली. आणि प्लायची एक पेटी ठोकली, वर काळं कार्पेट लावलं, आत बारा इंची दोन वूफर. पेटी सीटच्या मागं उभी केली तशी केबिनची मागची काच पार झाकली गेली.

"काच गई तुन्ही," बन्सीलाल म्हणाला. "मांगे माणसं बसाडस तू. कसं दिसी तुले?"

"काका, दोन आरसा शेतस ना."

"आनि ऐकाले?"

"ऐकाले तं हाईच आणेल शे!" भूपेशनं पेटीवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी चापट मारली.

बन्सीलाल काही हसला नाही. "मन्हा कान पाहा एकडाव. रस्तावर आवाज कमी ठेवत जा." आणि लगेच पुढं म्हणाला, "काचा वर करशी ना, तं बेस डबल लागी." तोच माणूस, तेच तोंड. काळजीही त्याची आणि धंदाही त्याचाच.

आता गजराबाईचं. भूपेश चार वर्षांचा असताना त्याची आई काविळीनं गेली. गजराबाईनं त्याला उचलून आपल्या ओट्यावर आणलं आणि हेमकांतच्या ताटात बसवलं. एका भाकरीचे दोन तुकडे करताना मोठा कोणाला गेला हे दोघांनाही कधी कळलं नाही. म्हणून नवा साउंड घेऊन गाडी आली तेव्हा भूपेशनं ती आधी स्वतःच्या दाराशी नाही, तिच्या दाराशी नेली.

तिनं नारळ फोडला, पेटीला हळदीकुंकू लावलं आणि वाकून बघत राहिली.

"याले डोया ना तोंड. हाई शे तरी काय?"

"हाई निस्तं पोट शे माय."

"मंग तुन्हावरच गयं," ती म्हणाली, आणि सगळी गल्ली खदखदली. "पहिली फेरी मन्ही बरं का. सोमवारले प्रकाशाले चाल. महादेवलेबी ऐकाडूत तुन्हं पोट."

सोमवारी सकाळी आठ बाया निघाल्या, सोबत हेमकांत. गजराबाई केबिनमधे, मानाच्या जागी. भूपेशनं काचा वर केल्या आणि गाणं लावलं. पहिला दणका बसला तशी म्हातारीनं छातीवर हात दाबला.

"अरे बंद कर रे भो! मन्हं काळीज हाली ऱ्हायनं."

"कमी करस ना माय, बठ तू."

"नको रे दादा. तू तुन्ही हौस कर. मी मांगे बसस बायासमा." ती उतरली. हेमकांतनं हात धरून तिला मागं चढवलं, गोणपाटाची घडी घालून केबिनला पाठ टेकवून बसवलं.

भूपेशनं आवाज कमी केला नाही. ती खाली उतरलीच होती ना, मग कमी कशाला करायचा?

गाव सुटलं. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूला केळी, मधे काळं डांबर, आणि गाडीच्या पोटात ढोल. मागं बाया गाण्यात गाणं मिसळायला लागल्या. हेमकांतला चेव आला, तो टपावर ताल धरून ठोकायला लागला. धप, धप, धपधप. भूपेशला ते गाण्याच्या आतून बारीक ऐकू आलं आणि त्याचं मन सुपाएवढं झालं. थोड्या वेळानं हेमकांतचा फोन.

"लगनना गाणा लाव रे भूप्या!"

लावलं. परत फोन. "आखो एकडाव!" परत लावलं. बापजन्मात गाडीला एवढा मान मिळाला नव्हता.

मग एक फाटा आला. तिथं चार दुकानं आहेत, एक डॉक्टर बसतो, बाहेर हिरवी जाळी लावलेला दवाखाना. फाटा मागं पडला असेल नसेल, तेव्हा टपावरचं ठोकणं पुन्हा सुरू झालं. या वेळी जोरात, भराभर. भूपेशनं मनात म्हटलं, रंगात आला गडी. फोन वाजला, स्क्रीनवर हेमकांत. "घडीभर दम धर ना," असं म्हणून त्यानं तो कापला. परत वाजला. परत कापला. डाव्या आरशात कोणा बाईचा हात बाहेर आलेला दिसला, हातात लाल पदर, वर खाली वर खाली. बाया नाचायला लागल्या वाटतं! भूपेशनं आवाज आणखी दोन घरं वाढवला.

तापीचा पूल आला. गढूळ पाणी काठोकाठ होतं. पूल संपेपर्यंत ठोकणं चालूच होतं, पण हळू झालं होतं. मग थांबलं. दमले असतील, त्याला वाटलं.

मंदिराजवळ गाडी लावून त्यानं गाणं बंद केलं, आणि ते बंद झाल्याबरोबर मागचा आवाज आला. सगळ्या बायांचा एकच आवाज. तो मागं धावला. गजराबाईचं डोकं एका बाईच्या मांडीवर होतं. लुगडं घामानं भिजलेलं, तोंड एका बाजूला गेलेलं, एका पायात चप्पल नाही. हेमकांतचे दोन्ही तळवे सुजून लाल झाले होते. तो शिवीसुद्धा देऊ शकला नाही.

"कव्हयना ठोकी ऱ्हायनू रे भूप्या," एवढंच म्हणाला.

प्रकाशाच्या दवाखान्यात डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, वाटेतच गेल्या. अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करून बघता आलं असतं. डॉक्टर आत गेला, हेमकांतनं तो प्रश्न विचारला, आणि भूपेश म्हणाला, काहीच नाही.

ते खोटं गावात भूपेशला सांगावंही लागलं नाही. हेमकांतच सांगत फिरला. बसायला येईल त्याला म्हणायचा, "त्याना काही दोष नही. पेटी मांगे, काचा बंद, त्याले ऐकू कसं येई? फोनबी लावा मी. पूलकडे रेंज नव्हती, कटी जाये." आणि भूपेश बाजूला बसून मातीत रेघा ओढायचा.

दुसऱ्या दिवशी तो पाना घेऊन पेटी काढायला गाडीत चढला. हेमकांतनं त्याचं मनगट धरलं. "नको काढू. काढशी तं लोके म्हनतीन, चूक व्हती म्हनीसन काढी. मी त्यासले तोंड देस ना."

त्या दिवशी भूपेशनं रूपालीला सगळं सांगितलं. ठोकणं ऐकलं होतं, हात बघितला होता, फोन आपण कापला होता. ती पीठ मळत होती. हात पिठातच थांबले.

"भाऊले सांगू नका तुम्ही," ती म्हणाली.

"त्यानाकडे पाहावतच नही माले."

"नही तं नका पाहू. माय गई. आते भाऊबी गमाडशात का?"

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन प्रकाशाला जायचं होतं. जाणत्या माणसांनी सांगितलं, दुसरी गाडी करा. हेमकांत ऐकेना. "भूप्यानीच गाडी ली जासूत. मन्ही मायले तिन्हाच पोऱ्या ली जाई." लाल फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन तो केबिनमधे बसला. दोघंच. तीच केळी, तोच फाटा, तोच हिरव्या जाळीचा दवाखाना. हेमकांत मडक्यावर हात ठेवून बसला होता, लहान मूल घेतल्यासारखा. एकदा म्हणाला, "आज ऊन भलतं शे." भूपेश हूं म्हणाला. बाकी रस्ताभर इंजिनचाच आवाज.

घाटावर ब्राह्मणानं मंत्र म्हटले. दोघं कमरेपर्यंत पाण्यात उतरले, हेमकांतनं अर्ध्या अस्थी सोडल्या. मग मडकं भूपेशपुढं धरलं.

"ले. तूबी सोड. तू तिन्हा धाकला पोऱ्या शे."

भूपेशनं ओंजळ भरली. ओंजळीत ती राख आणि हाडाचे चार बारीक तुकडे. त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"दादा, मी ऐकं व्हतं."

"काय?"

"तू ठोकं ते. माले वाटनं तू ताल धरी ऱ्हायना. आरसामा हात दिसना, माले वाटनं बाया नाची ऱ्हायन्यात. आनि फोन..."

"रेंज नव्हती," हेमकांत घाईनं म्हणाला.

"व्हती दादा. दोन्ही डाव मीच कापा."

पाणी दोघांच्या अंगाला लागून जात होतं. वरच्या पायरीवर कोणाचं तरी पोर रडत होतं. हेमकांतनं त्याच्या ओंजळीकडे बघितलं.

"सोड आधी ते," तो म्हणाला. "मन्ही माय शे हातमा तुन्हा."

भूपेशनं सोडलं. दोघांनी बुड्या मारल्या, वर येऊन अंग पुसलं. हेमकांतनं सदरा घातला, बटणं खालपासून वरपर्यंत एकेक लावली.

"माले काबर सांगं?"

"ऱ्हावायनं नही दादा."

"तुले ऱ्हावायनं नही, म्हनीसन माले दिधं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तीन दिन मी गावले सांगत फिरनू, भूप्याले ऐकू नही उनं. आते मी काय सांगू त्यासले? बोल ना."

हेमकांतनं मडक्याचं लाल फडकं पिळून मुठीत घेतलं.

"जा तू. मी यष्टीनं येस."

"दादा, बठ ना गाडीमा. मी बोलाऊ नही."

"यष्टीनं येस म्हनं ना."

तो स्टँडवर जाऊन उभा राहिला. उन्हात, उघड्या डोक्यानं, ते लाल फडकं मुठीत. भूपेश गाडी सावलीत लावून लांबून बघत बसला. पाऊण तासानं एस.टी. आली. हेमकांत चढला, खिडकीपाशी बसला आणि पुढं बघत राहिला.

एस.टी. निघाली तशी भूपेशनं गाडी तिच्या मागं लावली. पूल ओलांडला. रस्ता रिकामा होता, दहादा पुढं काढता आली असती. त्यानं काढली नाही. एस.टी. जिथं थांबली तिथं तोही चाळीस पावलं मागं थांबला. कंडक्टर एकदा दारातून वाकून बघायला लागला, हा कोण वेडा मागं लागलाय.

गावच्या फाट्यावर हेमकांत उतरला. टपरीच्या बाकावर गावातले चारपाच जण बसले होते. हेमकांत गाडीनं गेला, एस.टी.नं आला, हे त्यांना दिसणारच होतं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "काय रे हेमा, भूप्यानी गाडी कोठे?"

हेमकांत थांबला. मागं वळून त्यानं बघितलं. चाळीस पावलांवर पिकअप उभी होती, इंजिन चालू, काचेच्या आत भूपेश.

"बिघडनी," हेमकांत म्हणाला.

बाकावरच्या सगळ्यांनी पिकअपकडे बघितलं. म्हातारा सरकला आणि त्यानं हेमकांतला बसायला जागा करून दिली.