तळमजला नसलेला ग्रह

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही लिफ्टमध्ये उभे आहात आणि लिफ्ट खाली निघाली आहे. बाहेर ढग. ते संपले की आणखी ढग. ही लिफ्ट थांबते कुठे, असं एक छोटी नात आपल्या आबांना विचारत होती, आणि आबा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बूट काढायचे विसरून बसले होते.

आबा लिफ्टदुरुस्तीचं काम करत. आजी जाऊन महिना होत आला होता. ते कामावर जात, घरी येत. जेवलात का विचारलं, तर आधी ताटाकडे बघून मग सांगत. आज एका इमारतीच्या वॉचमनने हटकलं होतं, "मिस्त्री, लिफ्ट चालू केलीत, आता तुम्ही कधी चालू होणार?" आबा हसले होते. हसायचं असतं म्हणून.

शाळेत बाईंनी दूरच्या कुठल्याशा सूर्याभोवती फिरणाऱ्या एका राक्षसी ग्रहाबद्दल सांगितलं होतं. हजार पृथ्व्या पोटात मावतील एवढा. आजी तिथेच गेली का, असं नातीने आईला विचारलं, आणि दिवसभर राबून आलेल्या आईने विषय टळावा म्हणून हो म्हणून टाकलं. तेव्हापासून पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं. तिथे थंडी असते का, आजीचे गुडघे दुखतील का, आपण कधी जायचं. आज तिने आबांना गाठलं होतं, त्या ग्रहावर लिफ्टने खाली गेलं तर ती थांबते कुठे म्हणून. भांडी घासता घासता आई आपल्या वडिलांना डोळ्यांनीच विनवत होती, सांभाळून घ्या.

आबांनी कामाचं सांगावं तसं सांगितलं. वर वारा असा, की लिफ्ट पाचोळ्यासारखी उडेल. खाली जावं तसा उजेड जातो, भट्टीपेक्षा जास्त तापतं, आणि हवाच इतकी दाटते की लोखंडी लिफ्ट पत्र्याच्या डब्यासारखी चेपते.

"मग तळमजल्यावर उतरायचं ना?"

"तळमजला नाहीच. पाय टेकायला जमीनच नाही तिथे."

नात हळूच म्हणाली, "मग आजी उभी कुठे राहते?"

नळ बंद झाला. "बाबा," आई एवढंच म्हणाली.

आबांना काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. सुचतही होतं.

"ती तिथे नाही," आबा म्हणाले.

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही, बाळा. आजी मेली."

गेली, सुटली, सोडून गेली, सगळं म्हणून झालं होतं. हा शब्द मात्र महिनाभर कोणी उच्चारला नव्हता. आबांना वाटलं, आता आपल्याला रडू फुटेल. नाही फुटलं. त्यांनी नुसती स्टुलाची कड घट्ट धरली.

नात फरशीवर उताणी झोपली, इथे तरी जमीन आहे ना हे बघावं तसे दोन्ही तळहात फरशीला टेकवले, आणि जराशी सरकून शेजारी आबांपुरती जागा केली.