बाटलीच्या तळाशी उरलेली मी

तुम्ही घाबरू नका. तुमच्या वाटचंही मीच घाबरून घेतलंय. मी एक डायटम बोलतेय.

समुद्रातलं एकाच पेशीचं शैवाल मी. होडीसारख्या काचेच्या डबीत राहते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आमच्यात एकीच्या दोघी होतात आणि एकीच्या वाट्याला जरा लहान डबी येते. शिवडीच्या चिखलालगत मी जन्मले ती अशीच, आईहून लहान. ऊन खावं, तरंगावं. आपल्या पोटात विष असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

मग मधुराची जाळी आली. ही मुलगी विषारी शैवालं शोधते आणि दाराची बेल वाजली तरी दचकते! रविवार, प्रयोगशाळा बंद. म्हणून आम्हा बहिणींची बाटली तिने फणसवाडीत घरी नेली, फ्रीजमध्ये ठेवली आणि पहाटेपासूनची दमलेली ती जरा आडवी झाली. उठली तेव्हा बाटली ओट्यावर. तळाशी चार थेंब, त्यात आम्ही.

"आत्या, यातलं पाणी?"

"वाळू सोडायला ठेवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांवर ओतलं," बेबीआत्या म्हणाल्या. "खरं समुद्राचं पाणी आयतं मिळालं! मिठाच्या पाण्याला त्या फसत नाहीत गं. सगळी वाळू सोडली बघ."

"अगं, त्यात विष असू शकतं!"

"उकळल्यावर कसलं विष?"

"हे उकळून जात नाही. माणूस सगळं विसरायला लागतो!"

"मग तुझ्या बाबाचं, मनमोहनचं काय बिघडणार? तो आत्ताच डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधतोय."

पण बाबांनी चव म्हणून दोन तिसऱ्या खाल्ल्या होत्या. मधुराने उरलेलं पातेलं कचऱ्यात रिकामं केलं. आत्या रुसल्या. दिवसभर तिचं एकच, "बाबा, माझं नाव काय?"

"मधुरा. पुन्हा विचारलंस तर बदलून टाकीन."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही आणि आमच्या निरुपद्रवी चुलत बहिणी, सगळ्या सारख्याच दिसलो. मग माझ्या काही बहिणींना फोडून त्यांची जनुकं वाचली, माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहिली. मी शेजारच्या काचेत निकालाची वाट बघत होते. मी कोण, हे मलाही तेव्हाच कळायचं होतं.

जुळली. विष करू शकणारी जात.

"करू शकते म्हणजे केलंच असं नाही," प्रयोगशाळेतले उन्मेष सर म्हणाले. मधुराने तोवर फोन लावला होता.

"बाबा, माझं नाव काय?"

"कोण बोलतंय?"

तिच्या हातातून फोन निसटलाच.

"अगं मधुरा, गंमत केली!" फोनमधून बाबा म्हणाले. त्यांच्या मागून आत्यांचा आवाज, "मनमोहन, मस्करीला काही वेळकाळ आहे की नाही रे?"

मधुरा हसता हसता रडली. बाबा धडधाकट आहेत. मी खिडकीतल्या काचपात्रात आहे. पाणी ताजं, ऊन पुरेसं. पण पोटात काय शिजतंय, ते मला अजून कळत नाही.

आता माझ्याही दोघी होण्याची वेळ आलीय. मधुरा, एवढं कर गं. माझ्या त्या धाकटीला बाटलीत भरशील, तेव्हा वर मोठ्या अक्षरांत लिही. जातीचं नाव राहू दे. 'तिसऱ्यांवर ओतू नये', एवढंच लिही.