हळदीबाबाचा लाल हात

चाकणच्या ट्रकतळावर सकाळपासून रांग लागली होती. ड्रायव्हर, क्लीनर, शिफ्ट संपवून आलेली कंपनीतली पोरं, सगळे तळहात पुढे करून उभे.

"हात म्हंजे रगताचा आरसा!" हळदीबाबा गरजत होता. "पिवळा तो सुटला, लाल तो लागला! सुई न्हाई, दवाखाना न्हाई!"

तांब्यातलं हळदीचं पाणी हातावर पडलं की बघता बघता लाल होई. मग बाबाचा काढा घेण्यावाचून गत्यंतर नसे. गर्दी आ वासून बघत होती.

स्वरूपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात ती समुपदेशक. तिथं शुकशुकाट आणि इथं जत्रा! त्यात काल जयसिंग टेम्पोवाल्याने कहरच केला होता.

"मॅडम, गोळ्या बंद केल्या. माझा हात पिवळा निघाला."

"अहो, गोळ्यांनी विषाणू दबलाय, गेला नाही! सोडल्यात तर पुन्हा उसळेल. बायकोचा तरी विचार करा."

"मग बाकीच्यांचे लाल, माझाच पिवळा कसा?"

त्याचंच उत्तर शोधायला ती आज इथं आली होती. जयसिंगही गर्दीतच उभा होता, पण त्याचं नाव चारचौघांत घेणं तिला शक्य नव्हतं. चरफडत ती रांगेकडे बघत राहिली. पुढच्या ड्रायव्हरने तळहातावर तंबाखू-चुना मळला, चिमूट ओठाखाली सारली आणि तोच हात पुढे केला. लाल! तिने कपाळाला हात लावला. जयसिंगला तंबाखू तिनेच तर सोडायला लावली होती.

"भाऊ, चुन्याची डबी द्या." तिने डाव्या हाताला चुना फासला आणि दोन्ही हात पुढे केले. "ओता, बाबा!"

डावा लाल, उजवा पिवळा.

"आता माझ्या निम्म्या अंगालाच रोग झालाय का हो?"

"आरं तिच्या!" गंमत बघायला थांबलेले मारुतराव शेतकरी हसत सुटले. "आमची आय कुकू आसंच करायची की, हळद आन् चुना!"

"बाईमाणसाला ह्यो विधी चालत न्हाई!" बाबा खेकसला.

"मग तुमचा हात आणा," स्वरूपा म्हणाली. बाबाच्या ओठाखालीही तंबाखूची गोळी होतीच. मारुतरावांनी मनगट धरून पाणी ओतलं. हात लालभडक! हशा पिकला, बाबाने गाठोडं उचललं.

तरी एकाने विचारलंच, "बाबा, उद्या कुठं बसणार?" स्वरूपाला वाटलं, डोकं आपटून घ्यावं.

"अहो, हा रोग तळहातावर उमटत नाही!" ती ओरडली. "रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे तपासणी फुकट, नाव गुप्त. लाज वाटते, भीती वाटते? वाटू द्या, पण या! डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर जीव टांगू नका, का दिसलं ते विचारा."

पांगापांग झाल्यावर जयसिंग जवळ आला. मान खाली. "मॅडम, म्हंजे तंबाखू सोडली म्हणून मी फसलो?"

"तंबाखू सोडलीत ते बरोबरच. गोळ्या सोडल्यात ते चुकलं. चला, डॉक्टर अजून बसलेत."