अजून थोडं डावीकडे

प्रोजेक्टरच्या लेन्सवरचं काळं रबरी झाकण, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं — ते आपल्या खिशात कसं आलं हे त्याला ठाऊक होतं आणि दुकानदाराला नव्हतं, एवढंच काय ते आज दुपारचं सुख. दुकानदार टेबलाखाली वाकून शोधत होता, सोफ्याच्या गाद्या उचकत होता, आणि हाही त्याला मदत करत होता, अगदी मनापासून, गुडघे टेकून, "इथंच तर होतं हो मगाशी" म्हणत... लेकीने त्याच्या फुगलेल्या खिशाकडे एकदा बघितलं आणि नुसता हात पुढे केला. दिलं. दुकानदार हसला — ज्याला अजून काही विकायचं असतं त्याचं हसू.

हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातला प्रोजेक्टर धूसर, दुसऱ्यातला धूसर आणि वर फिकट. घरी हॉलमधलं कपाट सरकवून बायकोने भिंत मोकळी करून दिली होती, पांढराशुभ्र रंगही मारून घेतला होता, त्याला महिना झाला. आला-गेला विचारायचा की ही भिंत अशी भुंडी का, आणि बायको म्हणायची, साहेबांचं ठरायचंय. लेकीचं मागणं साधं होतं. सिनेमा भिंतभर दिसावा, दुपारी नुसते पडदे ओढले तरी चालावा, आणि गेम खेळताना इकडे बटण दाबलं की तिकडे गाडी वळावी, मध्ये उशीर नको. लॅग नको, लॅग नको, महिनाभर हाच जप. ते सगळं ठीक, पण अक्षरं? सिनेमाखाली येणारी ती ओळ तीन दुकानांत तशीच, पिठात लोळवून काढल्यासारखी, आणि एवढे पैसे मोजून कुणी पीठ घरी नेतं का... त्याने मान हलवली. चुळबुळ थांबत नव्हती. सोफ्याच्या कडेवर बसला, उठला, परत बसला.

"फोकसची रिंग फिरवा जरा," तो म्हणाला. "डावीकडे. अजून थोडं. अजून."

दुकानदार अंधारात रिंग फिरवत राहिला, आणि याला एकदम गंमत वाटली, कारण हा त्याचाच धंदा होता, फक्त खुर्च्या बदललेल्या. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक काच घालायची, एक काढायची, हे बरं की मगाचं बरं, आणि गिऱ्हाईक असं कासावीस होतं जणू परीक्षेत नापास होणारे. एका हेडमास्तरांना तर त्याने बिनकाचेची फ्रेम दिली होती. ते म्हणाले, वा, आता कसं लख्ख दिसतंय. आठवडाभर दुकानात तेच चाललं होतं, हेडमास्तर स्वतःच सांगत सुटले म्हणून निभावलं...

"बाबा, मगाशीच झालं होतं स्पष्ट," लेक म्हणाली. "आता तू घालवलंस."

दुकानदाराचा हात रिंगवरच थांबला. तो गिऱ्हाइकाच्या घरातलं भांडण असावं तसा नम्रपणे दुसरीकडे बघत राहिला.

तुमचे डोळे कोवळे, आमचे मुरलेले, असं काहीतरी याने ठोकून दिलं. मग तिने गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि रिमोट याच्या हातात ठेवला. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला गाडी सरळ कठड्यात. परत सुरू केलं, परत कठड्यात. बघितलंत, लॅग आहे, तो म्हणाला, आणि दुकानदार अगदी हळू आवाजात म्हणाला की साहेब, यापेक्षा कमी उशिराचं मशीनच येत नाही. लेकीने रिमोट घेतला. तोच रस्ता, तेच वळण, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. वळणाआधी बाण येतो, तिने सांगितलं, पिवळा, डावीकडे कोपऱ्यात.

बाण? कुठला बाण?

पण माझे डोळे मी तपासतो. दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडल्या उघडल्या, फरशीवरच्या पट्टीवर उभं राहून, आधी उजवा झाकून, मग डावा. शेवटची ओळ धडाधड — ठ ध घ भ छ — एकदाही अडखळलो नाही, बावीस वर्षांत एकदाही... आणि तक्ता? तक्ताही तोच, बावीस वर्षं. मागे एकदा भर दुकानात लाईट गेले होते, काळोख, चार गिऱ्हाइकं बसलेली, आणि मी रुबाबात पट्टीवर उभा राहून म्हटलं, चांगला डोळा अंधारातही वाचतो, आणि अख्खी ओळ म्हणून दाखवली. काय हसले होते सगळे. मी सगळ्यात जास्त.

त्याने कपाळ पुसलं. खोलीत एसी चालू होता.

दुकानदार दुसरं मॉडेल आणायला बाहेर गेला. लेकीने सिनेमा थांबवला. भिंतीवर एक बाई दारात उभी, आणि खाली पांढरी ओळ. लेक त्याच्याकडे बघत होती, रोजच्यासारखी नाही. गिऱ्हाईक खरं सांगतंय की अंदाजाने ठोकतंय हे ओळखायला तो बघतो, तशी.

"खालचं वाच."

तीन उत्तरं तयार होती, तिन्ही चांगली, तिसऱ्याला तर ती नक्की हसली असती. शिवाय अंदाज होताच. बाई दारात उभी आहे म्हणजे जाऊ नकोस असलंच काहीतरी म्हणत असणार. उद्या सकाळी दहाला पहिलं गिऱ्हाईक येईल, खुर्चीत बसेल, आणि विश्वासाने मान वर करेल...

"नाही दिसत," तो म्हणाला.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही.

"थट्टा करू नकोस हं बाबा."

"नाही करत."

"कधीपासून?"

चांगला प्रश्न होता. दुकानात तोही हाच विचारतो आणि लोक म्हणतात, हल्लीच, आणि ते कधीच हल्ली नसतं. तो मागे मागे जाऊ लागला. उन्हाळ्यात मेव्हणा आला होता, त्याच्या चहात मीठ — सगळे पोट धरून हसले, बायको म्हणाली वय झालं तरी खोड जात नाही, आणि सगळे हसताहेत म्हणून तोही हसला होता. डबा त्याने साखरेचा समजून उचलला होता. त्याच्या आधी बाजारात अनोळखी माणसाला मिठी मारली, साडूच समजून... त्याच्याही आधी... बाहेर दुकानदार खोकं ओढत आणत होता, त्याचा खरखर आवाज जवळ येत होता, आणि आत तो एकेक जुनी खोडी उचलून बघत होता, डोळ्यांजवळ नेऊन, ही खरी की ती खरी, आणि लेक थांबली होती.