पहिला सोडून कुठलाही

मित्रांनो, मी एक जुना पहिला भाग आहे. माझ्या लेखकाने जादूगार, ड्रॅगन आणि उडती बेटे यांच्यावर इतकी पुस्तके लिहिली, की वाचनालयातली आमची फळी मध्ये वाकली आहे. त्या फळीच्या डाव्या टोकाला मी असतो. म्हणजे असायचो. आज मी दाराजवळच्या खोक्यात आहे. वर्षभर ज्याला कोणी घरी नेले नाही ते पुस्तक रद्दीत, असा इथला नियम आहे. टेम्पो कोणत्याही क्षणी येईल.

मीही एकदा नवा होतो. माझ्यावर वाचकांच्या उड्या पडायच्या. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन भिजलेल्या कोंबडीसारखा दिसतो, तरी कोणी नाक मुरडले नाही. मग लेखक सुधारला. माझा घात तिथेच झाला. प्रत्येक नव्या भागाबरोबर मी आणखी वाईट होत गेलो, तेही जागचा न हलता.

आज आठवीतली एक मुलगी आली. वाकलेली फळी बघून तिने विचारले, "यातलं आधी कुठलं वाचू?"

वाचनालयात एवढी शांतता असते ती हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणूनच.

"चौथा घे," दातांचे डॉक्टर पेपर खाली ठेवत म्हणाले. "खरा लेखक तिथून सुरू होतो."

"चौथ्यात नायक मरतो, डॉक्टर," कोपऱ्यातल्या शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या.

"सातव्यात उठतो की परत."

"तोवर पोरीनं काय रडत बसायचं? बाळा, तू चेटकिणींचे भाग आधी घे."

"अकरावा," ग्रंथपालबाईंनी निकाल दिला. "त्यात मागचं सगळं थोडक्यात दिलंय."

"थोडक्यात? निम्मं पुस्तक त्यातच संपतं, बाई," डॉक्टर म्हणाले.

एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत होते. पहिला नको.

"तेव्हा शिकत होता गं तो," मावशी हळूच म्हणाल्या, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तशा.

मला सगळे ऐकू येत होते. माझ्या अंगावर टंकलेखन शिकवणारे एक पुस्तक होते. त्याने आशा केव्हाच सोडली होती. बाहेर टेम्पो थांबला.

मुलगी तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "तुम्ही कुठून सुरू केलं होतं?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. मावशींना पिशवीतले काहीतरी सापडेना.

"पहिल्यापासून," शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण तेव्हा दुसरा आलाच नव्हता."

"आणि तो वाचूनही दुसऱ्याची वाट बघितलीत?"

मग डॉक्टरांनी मुकाट्याने खोक्याकडे बोट दाखवले.

टेम्पोवाल्याने खोके उचललेच होते. मुलीने त्यात कोपरापर्यंत हात घालून मला ओढले. मुखपृष्ठ फाटले. ड्रॅगनचे डोके टंकलेखनाबरोबर गेले. तसेही ते बरे दिसत नव्हते.

आता ती पायरीवर बसून मला वाचते आहे. पहिले पान संपल्यावर म्हणाली, "भयंकर आहे." आणि पान उलटले.

मित्रांनो, पुढे ड्रॅगन गाणे म्हणतो. कडव्यांवर कडवी. ते पान जवळ येते आहे आणि मी काहीही करू शकत नाही. पुस्तके भिजवू नका, पाने दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे त्याहून लहान आहे. गाणे गाळा, मला हसा, हवी तर जांभई द्या. पण पुढचे पान तेवढे उलटा.

ती थांबली आहे. गाण्याकडे बघते आहे.

तिने बोटाला थुंकी लावली.